तिसऱ्या वर्षाच्या जागा कोणासाठी?

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने १९९० मध्ये ट्रान्सफर विद्यार्थी घेणे थांबवले आणि पुढची जवळपास तीन दशके दुसऱ्या कॉलेजात एक-दोन वर्षे शिकलेल्या कोणालाही तिथे पदवीसाठी प्रवेश मिळाला नाही. २०१८ मध्ये हे धोरण बदलले, तेव्हा चौदाशेहून अधिक अर्ज आले, त्यांतून १३ जणांची निवड झाली आणि ९ जण प्रत्यक्ष दाखल झाले. पुढे ही संख्या काहीशी वाढली, पण ती अजूनही लहानच आहे. हार्वर्डमध्ये असा प्रवेश मिळणाऱ्यांची संख्या वर्षाला सरासरी डझनभर असते. याच देशात, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या शाखेत, म्हणजे यूसीएलएमध्ये, दरवर्षी तीन हजारांहून अधिक विद्यार्थी ट्रान्सफर होऊन येतात आणि त्यांतले बहुतेक कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतले, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजांतले, असतात. यूसीएलए हे सहज प्रवेश मिळणारे विद्यापीठ मुळीच नाही. शाळेतून थेट अर्ज करणाऱ्या शंभरांपैकी नऊ-दहा जणांनाच तिथे जागा मिळते. तेव्हा कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मोठ्या संख्येने सामावून घेऊन विद्यापीठाचा दर्जा टिकतो का, या प्रश्नाचे उत्तर कधीचेच मिळालेले आहे. उरलेला प्रश्न असा की, ज्यांच्याकडे सर्वाधिक पैसा आणि सर्वाधिक प्रतिष्ठा आहे अशा विद्यापीठांनी हे उत्तर का स्वीकारलेले नाही. माझे म्हणणे असे आहे की, या विद्यापीठांनी तिसऱ्या वर्षाच्या जागांचा ठरावीक वाटा कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी आधीच जाहीर करून राखून ठेवावा आणि कोणता विषय पूर्ण केला म्हणजे कोणता धरला जाईल हेही आधीच लिहून द्यावे. दरवर्षी मूठभर विद्यार्थ्यांना कौतुकाने आत घेणे हा याला पर्याय होऊ शकत नाही.

मराठी वाचकांसाठी आधी या कॉलेजांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेत अशी सुमारे एक हजार कॉलेजे आहेत. तिथे प्रवेशासाठी चाळणी नसते. शाळा पूर्ण केलेला, आणि बहुतेक ठिकाणी शाळा अर्धवट सोडलेला प्रौढसुद्धा, नाव नोंदवून शिकायला लागू शकतो. दोन वर्षांचा असोसिएट पदवीचा अभ्यासक्रम, नर्सिंग किंवा वेल्डिंगसारखे व्यावसायिक अभ्यासक्रम, नव्याने आलेल्यांसाठी इंग्रजीचे वर्ग, आणि चार वर्षांच्या पदवीची पहिली दोन वर्षे, हे सगळे एकाच आवारात चालते. विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य अर्धवेळ शिकतात. कोणी सकाळी किराणा दुकानात काउंटरवर असतो, कोणी रात्रपाळी करून वर्गात येतो, कोणाच्या घरी लहान मूल असते. कॅलिफोर्नियात राज्यातल्या रहिवाशांसाठी फी २०१२ पासून युनिटमागे, म्हणजे अभ्यासक्रमाचे वजन मोजण्याच्या एककामागे, ४६ डॉलर आहे. ट्रान्सफरसाठी लागणारी ६० युनिटे त्या हिशेबाने २,७६० डॉलरमध्ये पूर्ण होतात आणि कमी उत्पन्नाच्या असंख्य विद्यार्थ्यांना तीही माफ असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाची फी मात्र एका वर्षालाच चौदा-पंधरा हजार डॉलरांच्या घरात जाते. पहिली दोन वर्षे घरी राहून कम्युनिटी कॉलेजात काढणे म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या डोक्यावरचे अर्धे कर्ज आधीच उतरवणे आहे.

ही दोन टप्प्यांची कल्पना नवी नाही. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचे मत असे होते की, पदवीची पहिली दोन वर्षे स्वतंत्र संस्थांनी सांभाळावीत आणि विद्यापीठाने वरच्या वर्गांवर व संशोधनावर लक्ष द्यावे. त्यांच्याच प्रेरणेने १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जॉलिएट गावी सहा विद्यार्थ्यांवर पहिले सार्वजनिक ज्युनियर कॉलेज सुरू झाले. म्हणजे एका अत्यंत प्रतिष्ठित विद्यापीठाच्या अध्यक्षानेच या व्यवस्थेचा पाया घातला, आणि तो घालताना वरच्या मजल्यावर जाण्याचा जिना त्यात गृहीत धरलेला होता. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये हा जिना कायद्याच्या आणि नियोजनाच्या भाषेत उतरवला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क केर यांच्या पुढाकाराने जो मास्टर प्लॅन झाला, त्यात शाळेतल्या वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशांना स्टेट युनिव्हर्सिटी ही राज्याची दुसरी, वेगळी सार्वजनिक विद्यापीठव्यवस्था आणि बाकी सर्वांना कम्युनिटी कॉलेज अशी विभागणी झाली. इथवर वाचले तर ही एक उतरंडच वाटेल. पण त्याच आराखड्यात आणखी एक तरतूद होती. विद्यापीठांनी पहिल्या दोन वर्षांचे विद्यार्थी सुमारे ४० टक्के आणि वरच्या दोन वर्षांचे ६० टक्के ठेवावेत, म्हणजे खालून येणाऱ्यांसाठी वर जागा शिल्लक राहील, असे ठरले. नंतर हेच सूत्र नवे दोन विद्यार्थी शाळेतून घेतले तर एक ट्रान्सफरने घ्यावा, या रूपात पुढे आले.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण खासगी विद्यापीठांचे नेहमीचे उत्तर इथेच उघडे पडते. त्यांचे म्हणणे असे की, आमच्याकडे पहिल्या वर्षानंतर शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव विद्यार्थी टिकून राहतात, कोणी सोडून जात नाही, म्हणून जागाच रिकाम्या होत नाहीत. वसतिगृहात खोल्या मोजक्या आहेत. मग ट्रान्सफरने घ्यायचे कोणाला आणि ठेवायचे कुठे? वरवर हे बिनतोड वाटते. पण यात एक गृहीतक दडलेले आहे. चारही वर्षांच्या सगळ्या जागा सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनाच पहिल्या दिवशी वाटून टाकायच्या आणि मग कोणी गळाला तर त्याची जागा दुसऱ्याला द्यायची, हे ते गृहीतक आहे. कॅलिफोर्नियाने कोणी गळण्याची वाट पाहिली नाही. पहिल्या वर्षाला मुद्दाम कमी विद्यार्थी घेतले आणि तिसऱ्या वर्षाच्या जागा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या. जागा नाहीत हे वाक्य म्हणजे निसर्गनियम नाही, तो प्रवेश समितीने दरवर्षी नव्याने घेतलेला निर्णय आहे. शिवाय या विद्यापीठांनी जागा वाढवल्याच नाहीत असेही नाही. येलने २०१७ मध्ये दोन नवी निवासी कॉलेजे उघडली आणि पदवीच्या विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ८०० ने वाढवण्याची सोय केली. प्रिन्स्टननेही २०२२ मध्ये दोन नवी निवासी कॉलेजे उघडून ५०० विद्यार्थ्यांची भर घालण्याची योजना आखली. खोल्या बांधल्या गेल्या, पैसा उभा राहिला, पण त्यांतला मोठा हिस्सा पुन्हा शाळेतून थेट येणाऱ्यांकडेच गेला. प्रिन्स्टन, येल, हार्वर्ड यांच्यासारख्या आठ जुन्या प्रतिष्ठित विद्यापीठांच्या आयव्ही लीग या गटातल्याच कॉर्नेलमध्ये दरवर्षी शेकडो ट्रान्सफर विद्यार्थी येतात, कारण न्यूयॉर्क राज्याच्या मदतीवर चालणारी काही महाविद्यालये तिथे आहेत आणि राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी दार उघडे ठेवण्याची परंपरा त्यांच्यामुळे टिकली आहे. लॉस एंजेलिसचे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया तर पूर्ण खासगी आहे, प्रवेशाला अवघड आहे, आणि तिथेही वर्षाला दीड हजारांच्या आसपास ट्रान्सफर विद्यार्थी दाखल होतात. खासगी असणे ही अडचण नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

गुणवत्तेचा आक्षेप अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो प्रामाणिकपणे घेणारे लोक आहेत. शाळेत वरच्या श्रेणीत नसलेल्या मुलाला दोन वर्षांनी मागच्या वाटेने आत घेणे हा पहिल्यापासून कष्ट केलेल्यांवर अन्याय आहे, असे त्यांना वाटते. पण विद्यापीठासमोर पुरावा कोणता असतो ते पाहा. शाळेतून येणाऱ्या मुलाच्या अर्जात शाळेतले गुण असतात, एखादी चाचणी असते, निबंध असतात, आणि घरच्यांनी, शिक्षकांनी व कधीकधी पैसे देऊन नेमलेल्या सल्लागाराने घडवलेली उपक्रमांची यादी असते. कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्याच्या गुणपत्रिकेत कॅल्क्युलसच्या तीन पायऱ्या असतात, ऑरगॅनिक केमिस्ट्री असते, तर्कशुद्ध लेखनाचा इंग्रजीचा अभ्यासक्रम असतो, आणि हे सगळे बहुधा आठवड्याला वीस-तीस तास नोकरी करून मिळवलेले असते. पदवीचा अभ्यास झेपेल का, हा प्रश्न असेल तर पदवीचाच अर्धा अभ्यास करून दाखवलेल्या माणसाचा पुरावा अधिक भक्कम मानायला हवा. प्रत्यक्षातही तसेच दिसते. कॅलिफोर्निया विद्यापीठात ट्रान्सफरने आलेल्यांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी चार वर्षांच्या आत पदवी घेतात. जॅक केंट कुक फाउंडेशनने २०१९ मध्ये देशभरातल्या निवडक विद्यापीठांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचाही निष्कर्ष असा की, तिथे कम्युनिटी कॉलेजांतून आलेले विद्यार्थी शाळेतून थेट आलेल्यांइतक्याच, किंबहुना किंचित जास्त प्रमाणात पदवी पूर्ण करतात. यावर कोणी म्हणेल की, वर पोचतात ते आधीच गाळून आलेले, म्हणून त्यांचे निकाल चांगले. हे खरेच आहे. पण निवडक विद्यापीठ ज्याला निवड म्हणते ती याहून वेगळी काय असते?

आणि शाळेतून होणारी निवड किती निर्मळ आहे याचाही विचार व्हावा. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये करविवरणपत्रांच्या आधारे जो अभ्यास मांडला, त्यात ३८ कॉलेजे अशी आढळली, जिथे देशातल्या सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुले खालच्या ६० टक्के घरांतल्या मुलांपेक्षा संख्येने जास्त होती. प्रिन्स्टन आणि येल त्या यादीत होते. त्याच गटाने २०२३ मध्ये दाखवले की, चाचणीचे गुण सारखे असूनही अतिश्रीमंत घरातल्या मुलाला या विद्यापीठांत जाण्याची संधी मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त असते, आणि त्यामागे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप हे एक मोठे कारण असते. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करून प्रवेश देण्यास मनाई केली. त्यानंतर विविधतेचे काय, अशी चिंता याच विद्यापीठांनी जाहीरपणे व्यक्त केली. ती चिंता खरी असेल, आणि ती खरी आहे असे मी मानतो, तर कष्टकरी घरांतली, स्थलांतरितांची, सैन्यातून परतलेली, वयाने थोडी मोठी अशी सगळी माणसे जिथे आधीच एकत्र शिकत आहेत, त्या कॉलेजांकडे पाठ फिरवून चालणार नाही. कोणाच्या वंशाविषयी एक शब्दही न विचारता वर्गाचा चेहरा बदलण्याचा हा कायदेशीर आणि तयार मार्ग आहे.

आता दुसरी बाजू. कम्युनिटी कॉलेजवर टीका करणाऱ्यांचा सर्वांत जुना आणि टोकदार आक्षेप समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच, म्हणजे मास्टर प्लॅनच्याच वर्षी, नोंदवला होता. ही कॉलेजे मोठी स्वप्ने घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांची आकांक्षा हळूहळू, सौम्यपणे थंड करतात, नापास न करता त्यांना खालच्या ध्येयाकडे वळवतात, असे त्यांचे निरीक्षण होते. आजचे आकडे त्यांना पूर्णपणे खोटे ठरवत नाहीत. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास विद्यार्थ्यांना पुढे पदवी घ्यायची असते. प्रत्यक्षात एक-तृतीयांशाच्या आसपास विद्यार्थी चार वर्षांच्या कॉलेजात पोचतात आणि सहा वर्षांत पदवी हातात पडते ती सुमारे १६ टक्क्यांच्या. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये दाखवून दिले की, २०१७ ते २०१९ या काळात ट्रान्सफरचा उद्देश नोंदवून शिकायला लागलेल्यांपैकी पाचातल्या एकालाच चार वर्षांत ते जमले. ज्या राज्याचे उदाहरण मी देत आहे, तिथलीच ही स्थिती आहे. हे आकडे लपवून ट्रान्सफरची बाजू मांडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण ८० आणि १६ या दोन आकड्यांमधले अंतर विद्यार्थ्यांच्या कुवतीने पडते की वाटेतल्या खड्ड्यांनी, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

त्यांतला एक खड्डा जवळून पाहण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियात असिस्ट नावाचे सरकारी संकेतस्थळ आहे. विद्यार्थी त्यावर आपले कॉलेज, हवे असलेले विद्यापीठ आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, निवडतो. समोर दोन रकाने उघडतात. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे त्याच्या कॉलेजातला समकक्ष विषय. अनेक ओळींत दोन्ही बाजू भरलेल्या असतात आणि मनाला धीर येतो. मग एखाद्या ओळीत उजवीकडे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असे लिहिलेले दिसते. म्हणजे विद्यापीठाला हा विषय हवा आहे, पण तुमच्या कॉलेजात त्याच्या तोडीचा विषय नाही. मग तो पन्नास मैलांवरच्या दुसऱ्या कॉलेजात किंवा ऑनलाइन शोधायचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेला जी केमिस्ट्रीची मालिका चालते तीच दुसऱ्या शाखेला जशीच्या तशी चालेल याची खात्री नसते, आणि तीन-चार शाखांना अर्ज करायचा तर चार वेगवेगळ्या याद्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. त्यात यूसीएलए क्वार्टरवर, म्हणजे सुमारे दहा आठवड्यांच्या सत्रांवर, चालते, बर्कले त्याहून लांब सेमिस्टरवर. बहुतेक कम्युनिटी कॉलेजे सेमिस्टरवर, तर डी आन्झा आणि फूटहिल क्वार्टरवर. लहान कॉलेजात फिजिक्सचा तिसरा भाग वर्षातून एकदाच, वसंतात, शिकवला जातो, आणि पुरेसे विद्यार्थी न मिळाल्यास तोही वर्ग रद्द होतो. त्या एका वर्गापायी अख्खे वर्ष पुढे ढकलले जाते. ज्याच्या घरी भाड्याची चिंता आहे, त्याच्या बाबतीत हे ढकललेले वर्ष पुष्कळदा परत येत नाही. हे तर व्यवस्था बरी असलेल्या राज्यातले झाले. देशपातळीवर सरकारच्याच जीएओ या लेखापरीक्षण संस्थेने २०१७ मध्ये अंदाज मांडला की, कॉलेज बदलताना विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिटे, म्हणजे पूर्ण केलेली युनिटे, वाया जातात. शिकलेले, परीक्षा दिलेले, पैसे भरलेले विषय नव्या जागी धरलेच जात नाहीत. सोळा टक्क्यांकडे बोट दाखवणाऱ्याने या ४३ टक्क्यांकडेही पाहावे.

म्हणूनच आधी लिहून दिलेल्या नियमाला मी इतके महत्त्व देतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पदवी देणाऱ्या नऊ शाखांपैकी सहा शाखा, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ, कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना हमी देतात की, अमुक विषय अमुक गुणांनी पूर्ण करा, तुमची जागा पक्की. व्हर्जिनिया राज्यात युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियाचाही राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांशी असा हमीचा करार आहे. या हमीचा परिणाम विद्यार्थ्याच्या पहिल्या सेमिस्टरपासून दिसतो. कोणता विषय घ्यायचा, नोकरीचे तास किती कमी करायचे, कर्ज घ्यायचे की थांबायचे, हे सगळे निर्णय त्याला डोळसपणे घेता येतात. बर्कले, यूसीएलए आणि सॅन डिएगो या सर्वाधिक मागणीच्या तीन शाखा मात्र ही हमी देत नाहीत. खासगी विद्यापीठांत तर नियम लिहिलेलाच नसतो. सर्वांगीण मूल्यमापन या नावाखाली जे होते, त्याचा अंदाज ज्याच्या घरात आधी कोणी कॉलेजात गेले आहे त्याला थोडाफार लावता येतो. घरातल्या पहिल्या पदवीधराला तो लावता येत नाही, आणि म्हणून तो अर्जच करत नाही.

कॅलिफोर्नियाच्या यशातही एक मोठी भेग आहे आणि ती राखीव वाट्याच्या मागणीशी थेट जोडलेली आहे. राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत, पण बर्कले आणि यूसीएलएला जाणाऱ्यांची गर्दी मूठभर कॉलेजांतून येते. सांता मोनिका, डी आन्झा, डायब्लो व्हॅली, पासाडेना, ऑरेंज कोस्ट, अर्व्हाइन व्हॅली ही नावे पुन्हा पुन्हा दिसतात. ही कॉलेजे उत्तम आहेत. तिथले ट्रान्सफर सेंटर जागरूक असते, विषयांचे करार पक्के असतात, विद्यापीठाचे प्रतिनिधी वरचेवर येतात. पण ती बहुतांशी किनाऱ्यालगतच्या, तुलनेने सुस्थितीतल्या वस्त्यांत आहेत आणि तिथे शिकणाऱ्यांत अशीही अनेक मुले असतात, ज्यांच्या आईवडिलांनी हिशेब करून ही वाट निवडलेली असते. उलट राज्याच्या उत्तर टोकाला डोंगरात असलेल्या लॅसन किंवा सिस्कियूसारख्या कॉलेजांतून, किंवा मधल्या शेतीच्या खोऱ्यातून, या दोन विद्यापीठांना जाणारे विद्यार्थी फार थोडे असतात. केवळ एकूण आकडा वाढवला तर तो याच ठरलेल्या कॉलेजांतून भरून निघेल आणि विद्यापीठाला आपण कर्तव्य केल्याचे समाधान मिळेल. म्हणून वाटा राखताना तो कुठून भरला जातो याचीही नोंद हवी. सुस्थितीतल्या मुलांनी ही वाट वापरू नये असे मी म्हणणार नाही. सार्वजनिक कॉलेज सर्वांचे असते. पण ज्यांच्याकडे दुसरी वाट नाही, त्यांना गर्दीत मागे ढकलले जाऊ नये, एवढे पाहणे विद्यापीठाचे काम आहे.

डी आन्झा कॉलेज क्युपर्टिनोत आहे, आणि क्युपर्टिनो, सनीव्हेल, फ्रीमाँट या पट्ट्यात मराठी घरे भरपूर आहेत. या घरांतून कम्युनिटी कॉलेजविषयी जे मौन पाळले जाते ते मला खटकते. मुलाला बर्कले मिळाले की गणेशोत्सवाच्या मांडवात सगळ्यांना कळते; मूल डी आन्झात शिकत असेल तर आई ‘सध्या घरूनच करतोय’ म्हणून विषय बदलते आणि मूल तिच्या बाजूला उभे राहून ते ऐकत असते. दोन वर्षांनी तेच मूल यूसीएलएला गेले की मधली दोन वर्षे कोणी सांगत नाही. या मौनाने मुलाला कळते की त्याच्या कष्टांची पहिली दोन वर्षे लाजिरवाणी होती. शिवाय मागून येणाऱ्या दुसऱ्या मराठी घराला, ज्यांच्यापैकी एकाची नोकरी गेली आहे किंवा ज्यांना दोन मुलांची फी एकाच वेळी भरायची आहे, त्यांना ही वाट आहे हेच कळत नाही. विद्यापीठांनी दार उघडावे अशी मागणी करताना आपण आपल्या घरात या वाटेला मान दिला पाहिजे.

आणि आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे तसे काही कारण नाही. महाराष्ट्रात दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगमध्ये जाणारे विद्यार्थी दरवर्षी हजारोंनी असतात. बारावी सायन्स, क्लासची फी आणि सीईटीची दोन वर्षांची धावपळ ज्या घराला परवडत नाही, तिथल्या मुलासाठी ही वाट आहे. तिच्यासाठी मंजूर क्षमतेपलीकडच्या काही जागा असतात, पहिल्या वर्षाच्या रिकाम्या जागाही मिळतात, डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते आणि कॅप राउंडमध्ये सीओईपी किंवा व्हीजेटीआयचे नावही निघू शकते. निबंध लागत नाही, ओळख लागत नाही. या वाटेचा त्रासही आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या वर्षाचे गणित न शिकता आलेला डिप्लोमावाला एम-थ्रीच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या गणिताच्या, पेपरला अडखळतो, पहिली एक-दोन सेमिस्टरे त्याची दमछाक होते, वर्गातले जुने मित्रगट त्याला चटकन सामावून घेत नाहीत. पण वर्कशॉपमध्ये, ड्रॉइंगला आणि प्रोजेक्टला त्याचा हात इतरांपेक्षा सफाईने चालतो, आणि शेवटच्या वर्षापर्यंत तो बहुतेक वेळा बरोबरीला येतो. अमेरिकेतही ट्रान्सफर विद्यार्थ्याचे पहिल्या सत्रातले गुण घसरण्याची प्रवृत्ती साठ वर्षांपूर्वीच अभ्यासकांनी नोंदवली आहे, आणि ती घसरण बहुतेकांच्या बाबतीत भरूनही निघते. आपल्याकडची उणीव वेगळी आहे. आयआयटीच्या बी.टेक.ला अशी दुसऱ्या वर्षाची वाट नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी जेईईच्या एक-दोन प्रयत्नांत जे हुकले ते तिथल्या पदवीपुरते कायमचे हुकले. प्रिन्स्टनच्या त्या २८ वर्षांविषयी लिहिताना हे मनात येत राहते.

अर्थात दार उघडून भागत नाही. आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात मेजरचे वर्ग मिळाले पाहिजेत, कारण त्याच्याकडे चुकायला दोनच वर्षे असतात. त्याचे वय चोवीस असेल आणि सोबत मूल असेल तर कुटुंबाची खोली हवी. मदतीची रक्कम पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याइतकीच हवी. अनेक ठिकाणी ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्यांची तरतूद वेगळी आणि तुटपुंजी असते. न्यूयॉर्क शहराच्या सिटी युनिव्हर्सिटीने आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एसॅप नावाची योजना राबवली. तिच्यात विद्यार्थ्याला नेमून दिलेला सल्लागार, प्रवासाचे कार्ड, पुस्तकांचा खर्च आणि पूर्णवेळ शिकण्याची अट होती. काटेकोर तुलनात्मक चाचणीत तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. मुले तीच होती, वाट दुरुस्त केली होती. अब्जावधी डॉलरांचा निधी बाळगणाऱ्या आणि देणग्यांवर करसवलत घेणाऱ्या विद्यापीठाला असा खर्च झेपत नाही, हे मला पटत नाही. जवळच्या चार-पाच कम्युनिटी कॉलेजांशी करार करून तिथले विषय तपासणे, त्यांची लेखी यादी प्रसिद्ध करणे आणि पहिल्या वर्षाच्या प्रवेशातून शंभर जागा कमी करून त्या तिसऱ्या वर्षाला ठेवणे, ही सुरुवात कोणत्याही विद्यापीठाला एका शैक्षणिक वर्षाच्या तयारीने करता येईल.

कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यानुसार यूसीएलएमध्ये २०२६-२७ पासून ठरावीक मेजरांसाठी एक प्रयोग सुरू व्हायचा आहे. ट्रान्सफरसाठी आखलेली असोसिएट पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला तिथे प्राधान्य मिळेल, आणि यूसीएलएत जागा नसेल तर विद्यापीठाच्या दुसऱ्या शाखेत त्याची सोय व्हावी अशी अपेक्षा आहे. या प्रयोगाचे मूल्यमापन एकूण संख्येवर होऊ नये. दरवर्षी तीन गोष्टी प्रसिद्ध व्हाव्यात: कोणत्या कम्युनिटी कॉलेजातून किती जण आले, त्यांची किती युनिटे धरली गेली नाहीत, आणि ज्यांना दुसरीकडे वळवले त्यांपैकी किती जण तिथे प्रत्यक्ष गेले. लॅसनसारख्या कॉलेजातून पहिल्या तीन वर्षांत एकही विद्यार्थी आला नाही, तर यूसीएलएने तिथे माणूस पाठवून कोणत्या विषयाच्या ओळीत उजवा रकाना रिकामा आहे ते पाहावे आणि तो विषय ऑनलाइन शिकवण्याची जबाबदारी स्वतः घ्यावी.